यकृत : शरीरातील अखंड पेटती भट्टी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याने देशाच्या सर्व भागांतील माणसे छत्तीसगडच्या भूमीत आणून वसविली. नागपूर-गोंदिया मार्गाने आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे रात्रंदिवस धगधगत राहते, हे भिलाईकरांना नव्याने सांगावयास नको. आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर मात्र हळूहळू झिजत असते. बाहेरून पाहणाऱ्यास ही झीज दिसत नाही. ती उपकरणांच्या नोंदींवरूनच ओळखावी लागते.

मानवी शरीरातही अशीच एक भट्टी जन्मापासून अखंड कार्यरत असते. तिचे नाव यकृत.

शरीराचा खजिनदार

मराठी माणूस ‘काळीज’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हृदय असते. हिंदी भाषक ‘कलेजी’ म्हणतो तेव्हा त्याला यकृत अभिप्रेत असते. जीवनाच्या दृष्टीने दोन्ही अवयवांचे मोल सारखेच आहे. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली वसलेल्या, सुमारे दीड किलो वजनाच्या या अवयवातून दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहते. आतड्यांत शोषलेले बहुतेक अन्नघटक प्रथम यकृताकडेच येतात. जेवणानंतरची जास्तीची साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते आणि उपवासाच्या वेळी ती परत देते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर हे शरीराचे चालू खातेच होय.

याखेरीज पचनासाठी पित्तरस तयार करणे, रक्त गोठविणारी प्रथिने निर्माण करणे, विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर करणे, औषधे व मद्य यांचे विघटन करणे, अशी असंख्य कामे यकृत निमूटपणे पार पाडते. ‘निमूटपणे’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. यकृताच्या अंतर्भागात वेदनेची जाणीव नाही; ती केवळ त्याच्या बाह्य आवरणास आहे. शिवाय त्याची राखीव शक्ती इतकी मोठी, की बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम रेटून नेतो. रुग्णास त्रास जाणवू लागतो तोवर बहुधा पुष्कळ हानी होऊन गेलेली असते.

पाण्यातून येणारी कावीळ

यकृताच्या विकारांत सर्वांत परिचित म्हणजे कावीळ. वस्तुतः कावीळ हा रोग नसून लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य यकृताकडून बाहेर टाकले गेले नाही, की डोळे व त्वचा पिवळी दिसू लागते. हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ हे विषाणू दूषित पाण्यातून पसरतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील रुग्णांच्या जतन केलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा या संशोधनात सहभाग होता. हा विषाणू ‘ए’ नव्हे आणि ‘बी’ही नव्हे, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून दिसून आले. पुढे त्यास ‘ई’ हे नाव मिळाले. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूने हजारो नागरिकांना ग्रासले. हा आजार गर्भवती स्त्रियांना, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकतो. जलवाहिनी आणि गटार जेथे शेजारी असतात, तेथे पावसाळ्यात पाणी उकळून पिणे हाच खात्रीचा उपाय.

मंद गतीने होणारी झीज

हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ हे रक्तावाटे, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून वा मातेकडून बालकाकडे जातात आणि वर्षानुवर्षे लक्षणांवाचून शरीरात राहू शकतात. मद्यपान हे दुसरे मोठे कारण. मद्य मोहाचे असो वा परदेशी, यकृताच्या लेखी दोन्हींतील अल्कोहोल एकच.

तिसरे कारण म्हणजे यकृतात साचणारी चरबी. मद्याला कधीही न शिवलेल्यांच्या यकृतातही ती आढळते. पाळ्यांमध्ये विभागलेली नोकरी, अवेळी जेवण, निवृत्तीनंतरची बैठी दिनचर्या, वाढलेले पोट, मधुमेह, ही तिची पूर्वपीठिका. केंद्र सरकारने २०२१ मध्ये या विकाराचा असंसर्गजन्य रोगांविरुद्धच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला, यावरून त्याची व्याप्ती ध्यानी यावी. वैद्यकीय सल्ल्यावाचून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक ठाऊक नसलेली चूर्णे हीसुद्धा यकृतास इजा करू शकतात.

कारण कोणतेही असो, सततच्या दाहामुळे मऊ पेशींच्या जागी कठीण व्रणतंतू निर्माण होतात. हाच सिरॉसिस. रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही. पोटात पाणी साठते, पाय सुजतात, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचून रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. अल्पशा धक्क्यानेही त्वचेवर काळेनिळे डाग उमटतात. काहींना पुढे यकृताचा कर्करोगही होतो.

माळ, चुना आणि गमावलेला वेळ

छत्तीसगडात ‘पीलिया’ झाडणारे चुन्याच्या पाण्याने रुग्णाचे हात धुतात आणि पाणी पिवळे झालेले दाखवितात; महाराष्ट्रात काविळीची माळ घातली जाते. चुना आणि वनस्पतींचा रस यांच्या संयोगाने पाण्यास रंग येतो, तर सुकणाऱ्या काड्यांमुळे माळ सैल होऊन लांबते. ‘ए’ वा ‘ई’ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय उपचारकास मिळते. परंतु कावीळ पित्ताशयातील खड्यामुळे असेल, कर्करोगामुळे असेल किंवा यकृत वेगाने निकामी होत असेल, तर हेच दिवस प्राणांच्या मोलाचे असतात. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत आढळणाऱ्या सिकलसेल विकारात रक्तपेशी लवकर फुटतात व त्यामुळेही डोळे पिवळे होतात. म्हणून पिवळेपणा दिसताच रक्ततपासणी करणे अगत्याचे ठरते.

नोंद ठेवावी, झीज रोखावी

यकृताइतका क्षमाशील अवयव दुसरा नाही. त्याचा भाग काढून घेतला तरी उरलेला भाग पुन्हा वाढतो; जिवंत दात्याचे यकृतदान त्यामुळेच शक्य होते. चरबी साचलेल्या यकृताची स्थितीही वजन सात ते दहा टक्के घटविल्याने लक्षणीय सुधारते. हिपॅटायटिस ‘बी’ची लस नवजात बालकास चोवीस तासांच्या आत देता येते. ‘सी’ बहुतेकांत साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी व उपचार विनामूल्य आहेत.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, स्थूलता वा मद्यपानाची सवय असलेल्यांनी, वैद्यकीय सल्ल्याने यकृताची रक्ततपासणी आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी करून घ्यावी. ‘बी’ व ‘सी’ची तपासणीही प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी. भट्टी चांगली धगधगत आहे म्हणून तिच्या नोंदी कोणी थांबवीत नाही. जी दक्षता पोलादासाठी आपण घेतो, ती स्वतःच्या काळजासाठीही घ्यावयास हवी.