‘हा रंग खरवडलात का?’

गेल्या महिन्यात प्रस्तुत लेखिका पुण्यातल्या एका चित्रकाराची मुलाखत घ्यायला गेली. ‘प्रेरणा कुठून मिळते?’ या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर मिळालं. ‘हा रंग इथे खरवडलात का?’ असं विचारल्यावर मात्र पाऊण तास गप्पा रंगल्या.

घरी येताना कलासमीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर आठवले. चित्रकार फ्रान्सिस बेकन यांच्याशी त्यांचा संवाद १९६२ साली बीबीसीसाठी सुरू झाला आणि १९८६पर्यंत अधूनमधून चालला. या संवादाचं पुस्तक आलं १९७५ मध्ये, पुढच्या आवृत्त्यांत ते वाढत गेलं. रंग लावताना घडणारे अपघात, समोर ठेवलेली छायाचित्रं, जुगाराचं वेड, सगळं त्यात येतं; कारण सिल्व्हेस्टर थेट कामाबद्दल विचारत.

पहिली सोडून बाकी मुलाखती त्यांनी दोन किंवा अधिक बैठकांतून जुळवल्या, बोलण्याचा क्रमही बराच बदलला. प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिहिलं. हा प्रामाणिकपणा प्रत्येक मुलाखतकाराने उचलावा.

आणखी एक. आपण चित्राआधी रेखाटनं करत नाही, असं बेकन सांगत. १९९२ मध्ये ते गेले आणि नंतर त्यांची रेखाटनं समोर आली. काही आज लंडनच्या टेट संग्रहात आहेत!

म्हणून शब्द टिपावेतच, पण स्टुडिओतल्या भिंती, जुन्या वह्या, कोपऱ्यात उलटे ठेवलेले कॅनव्हासही पाहावेत.

तुमच्या गावात चित्रकार किंवा शिल्पकार असतील, तर रेकॉर्डर घेऊन एकदा जाच.