रापण एकट्याने ओढत नाहीत

शिक्षक होण्यासाठी काय लागते? डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते, शिक्षक पात्रता परीक्षा लागते, अभियोग्यता चाचणी लागते, मग पवित्र पोर्टलवर यादीत नाव लागते. ही झाली कागदावरची गोष्ट. कागदावर कधीच न येणारी आणखी एक गोष्ट लागते. अडले तर विचारायला माणूस लागतो.

ज्याच्या घरात आजोबा मास्तर, वडील मुख्याध्यापक आणि मावशी केंद्रप्रमुख, त्याला हा माणूस जेवणाच्या ताटावरच भेटतो. पाठ टाचण कसे लिहावे, दोन इयत्ता एकाच खोलीत कशा सांभाळाव्यात, तपासणीला साहेब आले तर काय दाखवावे, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. ते लहानपणापासून कानावर पडत असते. आमच्या वकिलीतही हेच आहे. वकिलाच्या मुलाला ग्रंथालय, अशील आणि न्यायालयात उभे राहण्याची रीत घरातच मिळते. पहिल्या पिढीचा वकील तेच सारे दारोदार फिरून गोळा करतो. आपल्या वस्त्यांतून शिक्षक होऊ पाहणारी कितीतरी मुले-मुली अशीच पहिल्या पिढीची आहेत. त्यांना हा गोतावळा जन्माने मिळालेला नाही, तो उभारावा लागेल. आज तो हातातल्या मोबाइलवरून उभारता येतो आणि त्याची योग्य वेळ नोकरी लागल्यावरची नाही, छात्राध्यापक असतानाची आहे.

मालवण तालुक्यातील तोंडवलीचे उदाहरण घेऊ. गावाला लागूनच तळाशीलची चिंचोळी वाळूची पट्टी आहे, एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस गडनदीची खाडी. किनाऱ्यावरच्या अशा वाड्यांतल्या शाळा लहान असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोन. त्यातला एक तालुक्याला बैठकीस गेला की उरला एक. हातच्याची वजाबाकी तिसरीच्या मुलांना का उमजत नाही, हे त्या एकट्याने विचारायचे कोणाला? समुद्राला?

आता तोंडवलीहून डी.एल.एड.ला गेलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही असे तिला वाटते. पण बीड-लातूरकडून कोकणात नेमणूक मिळालेल्या शिक्षकाला ‘खंय’ म्हणजे ‘कुठे’ आणि ‘चेडू’ म्हणजे ‘मुलगी’ हे कोण सांगणार? घरात मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीपर्यंत कसे न्यावे, याची जाण तिला आहे. हाच प्रश्न मेळघाटात कोरकू मुलांच्या शिक्षकापुढे आणि नंदुरबारला पावरी बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकापुढे उभा आहे. हे तिघे एकमेकांना भेटले तर तिघांचेही काम हलके होईल. पूर्वी ते भेटणे शक्य नव्हते, आज आहे.

महाराष्ट्रात याचे दाखले आहेत. ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारख्या जाळ्यांनी जिल्होजिल्हीचे शिक्षक मोबाइलवरून जोडले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गातले परदेशी वर्गांशी जोडले, पुस्तकांना क्यूआर कोड लावले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली, आणि ज्या शिक्षकांचे आधीपासून कोणाशी तरी बोलणे होते त्यांना वाट लवकर सापडली.

मग आरंभ कसा करावा? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील आंतरवासिता वीस आठवड्यांची केली. हे वीस आठवडे सोन्याचे आहेत. पाचच माणसे निवडा. एक आपल्या तुकडीतला सोबती, एक सराव शाळेतला जाणता शिक्षक, एक आपल्या विषयाचा अभ्यासक, एक दूरच्या जिल्ह्यातल्या आपल्यासारख्याच लहान शाळेतला शिक्षक, आणि एक परप्रांतातला. पाचशे जणांच्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रे येतात, उत्तरे येत नाहीत. प्रश्नही नेमका हवा. ‘गणित कसे शिकवू?’ याला कोणी उत्तर देणार नाही. ‘५२ मधून २७ वजा करताना माझी सात मुले दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घेतात, काय करू?’ याला दहा जण उत्तर देतील. आणि घेतले तेवढे द्यावे. चांगला पाठ सगळेच दाखवतात. फसलेला पाठ दाखवून तो का फसला हे लिहिणारा छात्राध्यापक दहा जणांच्या उपयोगी पडतो.

आता वकील म्हणून चार गोष्टी सांगणे भाग आहे. पहिली, गटावर आलेला प्रत्येक शासन निर्णय खरा मानू नका. खऱ्या निर्णयावर संगणक संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. भरतीची अफवा आणि पैसे मागणारा दलाल हे दोघे एकाच वाटेने येतात. दुसरी, मुलांची छायाचित्रे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचे तत्त्व घालून देतो. त्याहून गंभीर म्हणजे शिष्यवृत्तीच्या याद्या. मुलाचे नाव, जात आणि बँक खाते असलेली यादी गटावर टाकणे म्हणजे त्या मुलाची जात चव्हाट्यावर मांडणे होय. ते कोणी करीत असेल तर तेथेच रोखा. तिसरी, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने वर्गात शिकविण्यासाठी मजकूर वापरण्यास मोकळीक दिली आहे. दुसऱ्याच्या पाठावर आपले नाव घालण्यास दिलेली नाही. चौथी, मुलींनी आपला फोन क्रमांक कोणकोणत्या गटात उघडा पडतो हे पाहावे. गट चालविणाऱ्यांनी हे भान ठेवणे त्यांच्या सौजन्यावर सोडू नये, तसा नियमच करावा.

आणखी एक धोका आहे. ‘शिक्षक आपसात शिकतातच, मग प्रशिक्षण कशाला? एक शिक्षक मोबाइलवरून भागवील, दुसरा कशाला?’ असा विचार कोणाच्याही डोक्यात येऊ शकतो. तेव्हा स्पष्ट म्हणावयास हवे की हे जाळे शासनाच्या जबाबदारीला पर्याय नाही. जागा भरणे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत पुरेसे अध्यापक देणे, केंद्राची शिक्षण परिषद केवळ माहिती गोळा करण्याची बैठक न ठेवणे, हे शासनाचेच काम आहे. उलट जाळ्यात जोडलेला शिक्षक हे काम अधिक जोराने मागू शकतो, कारण शेजारच्या जिल्ह्यात काय मिळाले हे त्याला ठाऊक असते.

बदली झाली की शिक्षक गाव सोडतो. त्याने शोधलेली युक्ती मात्र पुढच्या शिक्षकाला मिळाली पाहिजे, नाहीतर प्रत्येक नव्या नेमणुकीबरोबर वाडीतली मुले पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. या एकाकीपणाची किंमत शिक्षक देत नाही, ते मूल देते.

तोंडवलीच्या किनाऱ्याला रापण ठाऊक आहे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा असतो. आपल्या छात्राध्यापकांनी आजच कोणत्या तरी दोराला हात घालावा, आणि जेथे दोरच नाही तेथे पाच जणांनी मिळून तो वळावा.