तारपा किती कोनांतून ऐकावा?

भातकापणी उरकली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमू लागतं. हल्ली तारपा मोबाइलवर रेकॉर्ड होऊन घरच्या स्पीकरवरही ऐकला जातो. स्पीकर घ्यायला गेलं की पहिला गैरसमज दुकानातच भेटतो: स्पीकरमध्ये हलून आवाज काढणारे शंकू, म्हणजे कोन, जितके जास्त, तितका आवाज चांगला. तीन कोनांचा उंच टॉवर शेजारी असला की एका कोनाचा डबा कमअस्सल वाटतो.

पण तसं नाही. अमर बोस यांच्या 1968 सालच्या ‘बोस 901’ या स्पीकरमध्ये तब्बल नऊ कोन होते, पण सगळे एकाच जातीचे फुल रेंज, म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर एकट्याने वाजवणारे. सुरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर त्यात नव्हताच. उलट, बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970च्या दशकात घडवलेल्या ‘एलएस 3/5 ए’मध्ये कोन दोनच, पण वाटणीचं सर्किट अतिशय बारकाईने जुळवलेलं. तेव्हा कोन मोजू नका, वाटणी बघा. स्वस्त टॉवरची पाठ उघडली तर अनेकदा खालच्या सुरांच्या कोनाला, म्हणजे वूफरला, वायर थेट गेलेली दिसते आणि वरच्या सुरांच्या ट्वीटरच्या वायरीत एकुलता एक कपॅसिटर. त्याने ट्वीटर जळण्यापासून वाचतो, इतकंच. वूफर वरचे सूरही वाजवत राहतो आणि दोघं एकत्र वाजतात तिथे काही सूर फुगतात, काही दबतात.

तारप्याचं नुकसान नेमकं इथे होतं. वाळलेल्या भोपळ्यात फुंकलेली हवा बांबूच्या दोन नळ्यांतून ताडपानांच्या कर्ण्यात येते. या आवाजाचा जीव मधल्या पट्टीत आणि तिच्यावर चढलेल्या दाट उपस्वरांत असतो. आपला कान 2 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असतो आणि दोन कोनांच्या स्पीकरमध्ये वाटणीचा सांधा बहुधा तिथेच येतो. तो नीट जुळला नसेल तर एकच वाद्य दोन तोंडांनी बोलल्यासारखं वाटतं. एका कोनात हा सांधाच नाही. म्हणून तारप्याला चांगला एकच कोन शोभतो, असं माझं ठाम मत आहे.

पण ‘एक कोन म्हणजे शुद्ध आवाज’ हाही गैरसमजच. ‘फुल रेंज’ या नावावर जाऊ नये. चार इंची कोन बहुतेक वेळा 80 ते 100 हर्ट्झच्या खाली दमतो, कारण एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायला चौपट हवा हलवावी लागते. लग्नातल्या ढोलाचा ठोका त्याला झेपत नाही. जोर लावला तर ढोलासाठी कोन पुढेमागे हलताना तारप्याचा सूरही थरथरतो.

मग आठ इंची घ्यावा? खालचे सूर सुधारतात, पण 10,000 हर्ट्झची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. कोन तिच्याहून बराच मोठा असला की आवाज पसरत नाही, झोतासारखा सरळ जातो. तारपानाचात तारपकऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. या कोनापुढे तर जरा बाजूला सरकलं तरी सुराची धार जाते. त्यावर उपाय म्हणून काही कोनांच्या मधोमध छोटा कागदी कोन चिकटवतात, त्याला ‘व्हिझर’ म्हणतात. तीही वाटणीच, फक्त सर्किटऐवजी कागदाने केलेली.

वॉटच्या आकड्यालाही भुलू नये. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. एका वॉटला एक मीटरवर 98 डेसिबल देणारा स्पीकर 88 डेसिबलवाल्याइतकाच आवाज एक दशांश ताकदीत देतो.

खोलीचा हिशेब तर कुणी करतच नाही. सिमेंटच्या 12 फूट लांब खोलीत सुमारे 47 हर्ट्झचा सूर घुमतो. कुडाच्या हलक्या भिंतींतून तो बराचसा बाहेर निघून जातो. ढोल आणि तारपा दोन्ही ऐकायचे असतील तर चार-पाच इंची एका कोनाची जोडी आणि 100 हर्ट्झच्या खालचं काम वेगळ्या सबवूफरकडे, ही मांडणी मला सर्वांत पटते. सांधा तिथेही येतो, पण तारप्याच्या उपस्वरांपासून कितीतरी खाली.