लिव्हरचा कॅन्सर, रोबोट आणि तीन प्रश्न

आजच्या भागाचं निमित्त म्हणजे नालासोपाऱ्याहून आलेला एक व्हॉइस मेसेज. ‘काकांच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघालीये. डॉक्टर ओपन ऑपरेशन करू म्हणतात. थोडं थांबून, पैसे जमवून रोबोटिकच करावं का?’

आधी एक गैरसमज काढू. हा रोबोट स्वतःहून काहीच कापत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मलाही आधी वाटलं होतं की सगळं ऑटोमॅटिक असणार. तसं नाहीये. सर्जन पेशंटपासून थोड्या अंतरावर कन्सोलवर बसतात. त्यांचा हात हलला, की पोटातल्या छोट्या छिद्रांतून आत गेलेली अवजारं तशीच हलतात. हाताची बारीक थरथर मशीन गाळून टाकतं. कॅमेरा आतलं दृश्य थ्रीडी आणि सुमारे दहापट मोठं दाखवतो. यातलं सगळ्यात प्रसिद्ध मशीन म्हणजे ‘दा विंची’. अमेरिकेत त्याला २००० साली मंजुरी मिळाली.

मग लिव्हरसाठी याचा फायदा काय? लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, त्यामुळे कापताना मोठी भीती रक्तस्रावाची. १९०८ मध्ये ग्लासगोचे सर्जन जेम्स प्रिंगल यांनी लिव्हरकडे येणारं रक्त थोडा वेळ दाबून थांबवायची युक्ती सांगितली. ती आजही, अगदी रोबोटिक ऑपरेशनमध्येही वापरतात. शिवाय अवजारं मनगटासारखी वळतात, म्हणून अडचणीच्या जागी टाके घालणं सोपं जातं. जखम छोटी असल्यामुळे पेशंट सहसा लवकर घरी जातो.

पण खरा हिशोब वेगळाच आहे: गाठ पूर्ण निघेल का आणि मागे पुरेसं लिव्हर उरेल का? निरोगी लिव्हर पुन्हा वाढतं. साधारण २५ ते ३० टक्के उरलं तरी भागतं. सिरॉसिस असेल तर ४० टक्के तरी लागतं. रोबोट आणला म्हणून हे आकडे बदलत नाहीत.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. गाठ पूर्ण काढता येईल का? मागे किती लिव्हर उरेल? तुम्ही लिव्हरची अशी किती ऑपरेशनं केलीत? मनात शंका असेल तर विरार लोकल पकडून दादर आणि तिथून परळचं टाटा गाठा, दुसरं मत घ्या. पण फक्त रोबोटसाठी महिने घालवू नका. कॅन्सर आपल्या पैशांसाठी थांबत नाही.

आणि बाकीच्यांसाठी: हिपॅटायटिस बीची लस घ्या. घरात कुणाला सिरॉसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली, तर उपायही जास्त हातात असतात.

काकांना लवकर बरं वाटू दे. भेटू पुढच्या भागात!