मुलासाठी पहिला ट्रम्पेट घेताना : झळाळी नको, पिस्टन पाहा

मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला, शाळेच्या बँडपथकात त्याचे नाव लागले, किंवा घरात बँडचाच धंदा आहे आणि आता त्यानेही हाती वाद्य घ्यावे असे मोठ्यांना वाटते. अशा वेळी सातपूर, अंबडच्या कामगार वस्तीतील बापापुढे पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. नामांकित परदेशी कंपनीचा शिकाऊ ट्रम्पेट चाळीस हजारांच्या घरात जातो. तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग बाजारात जे स्वस्त आणि चकचकीत दिसेल ते उचलले जाते. दोन महिन्यांत मुलगा कंटाळतो, "याच्या फुफ्फुसात दमच नाही" असे घरचे म्हणतात, आणि वाद्य माळ्यावर जाते. दम मुलात नव्हता की वाद्यात, हे तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

हा केवळ हौसेचा मामला नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँडस्मनच्या जागा निघतात. हवाई दलात अग्निवीरवायू योजनेत वादकांची वेगळी भरती असते आणि तिथल्या वाद्यांच्या यादीत ट्रम्पेट आहे. अशा ठिकाणी उमेदवाराला आपले वाद्य सुरात लावता आले पाहिजे. ज्याचा कान पहिली चार वर्षे बेसूर वाद्यावर तयार झाला, त्याला ते पुढे फार जड जाते.

स्वस्त म्हणजे निकृष्टच, असे मात्र समजू नये. आपल्या देशात बँडच्या वाद्यांचे माहेरघर म्हणजे मेरठ. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या, बहुतांशी मुस्लिम कारागीर, पितळी पत्रा ठोकून आणि नळ्या वाकवून ही वाद्ये घडवीत आले आहेत. नादिर अली आणि कंपनी ही तिथली जुनी पेढी १८८५ सालची. आधी परदेशी वाद्ये आणून विकणे आणि मग ती स्वतः घडवणे, असा तिचा प्रवास झाला. मेरठच्या बिगुलाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मेरठचा नवा ट्रम्पेट साधारण पाच-सात हजारांपासून मिळतो, वरच्या दर्जाचा त्याहून महाग. मेरठच्या मालाची अडचण एवढीच की एकाच गल्लीतून उत्तम वाद्यही निघते आणि दिवाणखान्यात टांगण्याची शोभेची वस्तूही. दोन्ही पितळेचीच, दोन्ही चकाकणारी. मोबाइलवर फोटो पाहून मागवणारा नेमका इथे फसतो. दीड-दोन हजारांत 'ट्रम्पेट' मिळत असेल तर तो शोभेचा तरी असतो किंवा बिगूल तरी, ज्याला पिस्टनच नसतात.

मग दोन वाद्यांत फरक कशाचा? ट्रम्पेट म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची नळी, गुंडाळून हातात मावेल अशी केलेली. तिला तीन पिस्टन. मधला दाबला की हवेची वाट थोडी लांबते आणि सूर अर्धा उतरतो, पहिल्याने एक पूर्ण, तिसऱ्याने दीड. नळी वाकवणे, भोंगा ठोकणे हे हातोडीचे काम, आणि त्यात आपले कारागीर कोणाला हार जाणार नाहीत. खरी परीक्षा पिस्टनची. तो आपल्या घरात सैल बसला तर हवा आतल्या आत गळते आणि मुलाला दुप्पट फुंकावे लागते. घट्ट बसला तर अडकतो. मधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांतच ठेवावी लागते.

ही गोष्ट सातपूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. मायको सर्कलला ज्या कारखान्याचे नाव मिळाले (२००८ पासून कंपनीचे नाव बॉश), तिथे डिझेल इंजिनाच्या नोझलचेच काम चालत आले आहे. नोझलची सुई आणि तिची बॉडी लॅपिंग करून जोडीने बसवतात आणि एकीची सुई दुसरीत घालत नाहीत, हे इथल्या लेथवर आणि ग्राइंडिंगवर उभ्या असलेल्या माणसाला पाठ असते. ट्रम्पेटचेही तेच. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात ते उगीच नाहीत. प्रत्येक पिस्टन आपल्याच घराचा. तेव्हा दुकानात जाताना संगीत जाणणारा कोणी मिळाला नाही, तर फिटरचे काम करणारा शेजारी बरोबर न्यावा. अर्धी पारख तोच करील.

पारख अशी. आधी तिन्ही पिस्टन एकेक करून बोटाच्या टोकाने सावकाश दाबावेत, सरळ आणि थोडे तिरके दोन्ही प्रकारे. बोट उचलताच पिस्टन चटकन वर आला पाहिजे. कुठे अडखळला तर "तेल घातले की चालेल" या बोलण्यावर विसंबू नये, दुकानदाराला तेल तिथेच घालायला लावावे. मग वरची टोपी फिरवून पिस्टन बाहेर काढावा. अंगावर उभे ओरखडे दिसले तर वाद्य परत द्यावे. निकेलचा मुलामा दिलेला पितळी पिस्टन चांगला असतो, पण जुन्या वाद्यात मुलामा झिजून आतले पिवळे पितळ दिसू लागलेले असते. मोनेल, म्हणजे निकेल व तांब्याचा मिश्रधातू, किंवा स्टेनलेस स्टीलचा पिस्टन असेल तर तो अधिक टिकतो.

यानंतर हवेची चाचणी, जी करायला वाजवता येण्याची जरुरी नाही. पिस्टन न दाबता पहिली स्लाइड दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर ओढावी, दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मग पहिला पिस्टन दाबावा. 'फट्' असा आवाज आला तर हवा धरून ठेवली गेली. आवाज न येता नुसतेच फुसकन झाले तर तिथे गळती आहे. दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडचे असेच. स्लाइडला ग्रीस लावलेले असावे, नाहीतर चांगल्या वाद्यावर नाहक दोष येतो. मुळात स्लाइड हलतच नसेल तर सौदा तिथेच सोडावा.

आता सुराकडे. बहुतेक ट्रम्पेट ज्या पट्टीचे असतात तिला पेटीवर काळी पाच म्हणतात. एकही पिस्टन न दाबता उस्तादांनी काढलेला मधला सूर पेटीच्या काळी पाचशी, मुख्य स्लाइड थोडी मागेपुढे करून, जुळला पाहिजे. फोनमधील ट्यूनरनेही काम भागते. स्लाइड पूर्ण आत ढकलूनही वाद्य उतरलेलेच राहत असेल तर नळीच लांब झालेली असते, त्याला इलाज नाही. पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबला की सूर सर्वच ट्रम्पेटमध्ये चढतो, म्हणून तिसऱ्या स्लाइडला बोट अडकवण्याची कडी असते. ती स्लाइड वाजवता वाजवता बाहेर सरकली पाहिजे. स्वस्त मालात कडी असते, पण स्लाइड जाम! ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही.

माऊथपीस मधल्या मापाचे, '७ सी' किंवा त्याच्या जवळपासचे, घ्यावे. वाद्यात घातल्यावर ते डुगडुगता कामा नये. वाद्य स्वस्त घेतले तरी इथे चार पैसे अधिक घालावेत. पुढे वाद्य बदलले तरी माऊथपीस तेच राहते. समोरचे दुधाचे दात पडून पक्के दात नीट येईपर्यंत घाई करू नये. अंगाने लहान असलेल्या मुलाला कॉर्नेट बरा. नळी तेवढीच लांब, पण वाद्य आखूड आणि अंगाजवळ धरता येते. बोटे तीच, म्हणून पुढे ट्रम्पेटवर येणे सोपे जाते.

जुने वाद्य घेण्यात कमीपणा नाही. उलट चांगल्या पिस्टनचे जुने वाद्य सुमार नव्यापेक्षा केव्हाही बरे. लग्नसराई संपून पावसाळा लागला की बँडवाल्यांचे हात मोकळे असतात. वाद्ये दुरुस्तीला निघतात, काही विकायला निघतात, आणि उस्तादांना शिकवायलाही वेळ असतो. सौदा तेव्हा करावा. भोंग्यावरच्या पोच्यांनी फारसे बिघडत नाही. असे पोचे काढणारे हात नाशिकच्या भांडी बाजारात अजून आहेत. पिस्टनच्या घरावर पोचा असेल तर मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. जोडांवर झाळ जाड थापलेली किंवा वरून रंग फासलेला दिसला तर काहीतरी लपवलेले आहे असे धरून चालावे. नवेच घ्यायचे असेल आणि मुंबईला जाणे होत असेल, तर धोबी तलावला १८६५ पासूनची फुर्टाडोसची पेढी आहे. तिथे दोन-चार दर्जाची वाद्ये हाताळून हाताला फरक कळतो, मग खरेदी कुठेही करा. पक्के बिल आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी.

घरी आल्यावर रोज वाजवण्यापूर्वी पिस्टनला त्याचेच पातळ तेल, थेंब-दोन थेंब. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नये, ते चिकटते. वाजवून झाल्यावर पाण्याची चावी दाबून आतले पाणी फुंकून काढावे. महिन्यातून एकदा पिस्टन काढून ठेवावेत आणि नळी कोमट पाण्याने धुवावी. गरम पाण्याने वरचे लॅकर जाते.