'गिळले', 'अडकले' आणि 'ठसका लागला' : लहान मुलाच्या घशातील वस्तू व तिच्याविषयीची भाषा

दीड-दोन वर्षांचे मूल जमिनीवर खेळत असते. हातातला चिंचोका किंवा नाणे एकाएकी दिसेनासे होते, मुलाचा चेहरा बदलतो, आणि घरातले कोणीतरी ओरडते, "अगं, गिळलं त्यानं!" पुढची सारी धावपळ या एका क्रियापदावर उभी राहते. पाठीत थापटायचे, केळे खाऊ घालायचे, की दवाखाना गाठायचा, हे त्यावरून ठरते. वस्तुतः 'गिळले' हे त्या क्षणी निरीक्षण नसते, ते अनुमान असते. वस्तू तोंडात गेली एवढेच कोणी पाहिलेले असते, आणि पुष्कळदा तेवढेही पाहिलेले नसते. ती अन्नाच्या वाटेने गेली की श्वासाच्या, हा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर 'गिळले' या शब्दात मुळीच नाही.

मराठीत या प्रसंगासाठी शब्दांची वाण नाही. 'मुलाने नाणे गिळले' या वाक्यात मूल कर्ता आहे. 'मुलाला ठसका लागला' या वाक्यात मूल चतुर्थीत जाते आणि जे घडले ते त्याच्यावर येऊन पडल्याचे सूचित होते. 'नाणे घशात अडकले' यात मुलाचे कर्तृत्व नाहीसे होऊन वस्तूच कर्तृपदी बसते. तीन रचना, तीन दृष्टिकोण. परंतु त्यांतील एकीनेही मार्गाचा निर्णय होत नाही, कारण 'घसा' हा शब्द पडजिभेपासून खाली जे जे आहे त्या सर्वांना पुरतो. 'पोटात गेले' हा प्रयोग तर त्याहून सैल आहे. तोंडात जाऊन दिसेनाशी झालेली प्रत्येक वस्तू व्यवहारात 'पोटात गेली' असेच म्हटले जाते, मग ती प्रत्यक्षात श्वासनलिकेच्या फाट्यावर का बसलेली असेना. अन्ननलिका आणि श्वासनलिका हे शब्द पाठ्यपुस्तकांनी रूढ केले खरे, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी ते येत नाहीत, आणि यावेत अशी अपेक्षाही करता येत नाही.

या गोंधळाला शरीररचनेचा आधार आहे. ग्रसनी हा अन्न व श्वास यांचा सामाईक चौक आहे. तेथून पुढे श्वासनलिका समोर आणि अन्ननलिका तिच्या पाठीशी. अन्नाच्या प्रत्येक कणाला श्वासनलिकेच्या तोंडावरून जावे लागते आणि ही व्यवस्था विलक्षण आहे, हे डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले होते. तान्ह्या मुलाचे स्वरयंत्र मानेत बरेच वर असते. पहिल्या काही वर्षांत ते खाली सरकते आणि त्यामुळे जिभेला मागच्या बाजूस जी मोकळी जागा मिळते ती स्वरभेदांस उपकारक ठरते. 'वाणीसाठी माणसाने गुदमरण्याचा धोका पत्करला' असे विधान यावरून अनेकदा केले जाते. ते जपूनच घ्यावे. स्वरयंत्र खाली असणे ही केवळ मानवाची मिरास नाही. तांबड्या हरणाच्या नरातही तसेच आढळते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा धोका याहून साध्या कारणांनी वाढतो. त्याच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते, खाताना ते धावते व हसते, आणि प्रत्येक वस्तूची ओळख तोंडानेच करून घेते.

मोठ्यांच्या क्रियापदावर विसंबता येत नसेल, तर विसंबावे कशावर? मुलाच्या आवाजावर. येथे ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित असा एक भेद जीवनमरणाचा होतो. प्रातिशाख्यकारांनी श्वास आणि नाद यांतील फरक कंठद्वाराच्या विवृत व संवृत स्थितीवरून सांगितला. कंपनासाठी हवा वाहती असावी लागते, हे त्यात गृहीतच आहे. मूल रडत असेल, बोलत असेल, किंवा त्याच्या खोकल्याला जोर व आवाज असेल, तर हवा जात आहे. खोकला हा कंठद्वारीय स्फोटकाचाच उग्र प्रकार होय : द्वार मिटते, खाली दाब साठतो, आणि तो एकदम सुटतो. बाहेरून करता येणाऱ्या कोणत्याही उपायापेक्षा तो स्फोट अधिक कार्यक्षम असतो. म्हणून जोराने खोकणाऱ्या मुलाच्या पाठीत मारू नये, त्याला उलटे टांगू नये. जवळ बसून खोकू द्यावे आणि त्याच्यावरची नजर हलवू नये. टाळूवर थापटून 'वर बघ' म्हणण्याची घरगुती रीत मुलाचे मन रमवील. वस्तू हलविण्याशी तिचा संबंध नाही.

उलट, तोंड उघडे असून आवाज निघत नाही, खोकला क्षीण किंवा निःशब्द झाला आहे, ओठ निळसर दिसू लागले आहेत, अशी स्थिती असेल तर हवा अडली आहे आणि हातात फार तर काही मिनिटे आहेत. एकाने १०८ ला कळवावे. दुसऱ्याने ताबडतोब हाताळणीस लागावे. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून, किंवा मांडीवर डोके खाली राहील असे पालथे धरून, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने ५ जोरदार थापा द्याव्यात. प्रत्येक थापेनंतर वस्तू निघाली का ते पाहावे. न निघाल्यास मुलाच्या मागे गुडघे टेकून, बेंबी आणि छातीचे हाड यांच्या मधोमध मूठ ठेवून, दुसऱ्या हाताने ती धरून आत व वर असे ५ झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत ५ थापा व ५ झटके आलटून पालटून चालू ठेवावेत. पोटावरील झटक्यांची ही पद्धत अमेरिकेतील शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. एक वर्षाखालील बालकाला मात्र पोटावर झटके कधीही देऊ नयेत. त्याच्यासाठी पाठीवरील थापा व छातीवरील दाब हेच उपाय आहेत. मूल बेशुद्ध झाले तर त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे ठेवून छातीवर दाब व कृत्रिम श्वास सुरू करावा. प्रत्येक वेळी श्वास देण्यापूर्वी तोंडात पाहावे. वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच बोटाने काढावी. न दिसणारी वस्तू चाचपडत काढू गेल्यास ती आणखी आत जाते. पोटावर झटके दिलेल्या मुलाला, वस्तू निघून ते हसूखेळू लागले तरी, डॉक्टरांना दाखवावेच.

आवाजाची कसोटी मात्र एकाच प्रश्नाचे उत्तर देते : या क्षणी हवा जाते का? वस्तू कोठे आहे, हे ती सांगत नाही. नाणे खरोखर अन्ननलिकेत गेले असेल तर मूल स्पष्ट रडेल, कदाचित लाळ गाळील, घास नाकारील, किंवा अगदी स्वस्थ खेळत राहील. जठरात पोचलेली बहुतेक नाणी काही दिवसांत आपोआप शौचावाटे पडतात. अन्ननलिकेत थांबलेले नाणे डॉक्टरांना दुर्बिणीने काढावे लागते, आणि हा भेद क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही. म्हणून बोटे घालून वांती करविणे किंवा वस्तू 'खाली ढकलण्यासाठी' भात-केळी भरविणे, दोन्ही वर्ज्य.

दोन वस्तू मात्र या सौम्य नियमाला अपवाद आहेत. पहिली बटणासारखी चपटी बॅटरी, जी आता खेळण्यांत, रिमोटमध्ये, वजनकाट्यात सर्वत्र असते. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या ऊतींतून विद्युत्प्रवाह वाहू लागतो, ऋण ध्रुवापाशी तीव्र अल्क तयार होते, आणि दोन तासांच्या आत खोल दाह होऊ शकतो. उपकरण चालविण्यास निरुपयोगी झालेली, म्हणजे आपण जिला 'संपलेली' म्हणतो ती बॅटरीही पुरेशी घातक असते. येथेही शब्द फसवतोच. क्ष-किरण चित्रात नाण्याची कड एकेरी आणि बॅटरीची दुहेरी दिसते. बॅटरीची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. मूल एक वर्षावरचे असेल, नीट गिळू शकत असेल आणि घटना १२ तासांच्या आतली असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन लहान चमचे मध, सहा वेळांपर्यंत, देण्याचा सल्ला अमेरिकेतील विषोपचार केंद्र देते. पण मध शोधण्यासाठी क्षणभरही थांबू नये. दुसरी वस्तू लोहचुंबक. एकाहून अधिक चुंबक पोटात गेले तर ते आतड्यांच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात व आतड्याला भोक पाडतात.

सर्वांत फसवा तो शेंगदाणा. खाताना ठसका लागतो, मूल खोकून लाल होते, आणि मग सर्व शांत होते. घरचे म्हणतात, "गेला पोटात." प्रत्यक्षात तो श्वासनलिकेच्या एखाद्या शाखेत स्थिरावलेला असू शकतो. हवा बाजूने जात राहते, आवाजही येतो. काही दिवसांनी खोकला, घरघर, ताप सुरू होतो आणि दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधे चालू होतात. शेंगदाणा क्ष-किरणांत दिसत नाही. निदानाचा मुख्य धागा असतो तो त्या विसरलेल्या ठसक्याचा, आणि तो आई, आजी किंवा सांभाळणारी बाई यांच्या आठवणीतच असतो. श्वासमार्गात नळी घालून वस्तू काढण्याची वाट गुस्टाफ किलियान यांनी १८९७ मध्ये जर्मनीत दाखविली. फिलाडेल्फियाचे शेव्हालिअर जॅक्सन यांनी अशा रीतीने काढलेल्या दोन हजारांवर वस्तू, पिना, बटणे, नाणी, तेथील म्यूटर संग्रहालयात आजही मांडलेल्या आहेत. साधने तेव्हापासून पुष्कळ सुधारली. 'त्या दिवशी ठसका लागला होता का?' हा प्रश्न मात्र आजही विचारावाच लागतो.

म्हणून दूरध्वनीवर डॉक्टरांना सांगताना 'नाणं गिळलं' एवढ्यावर थांबू नये. काय दिसेनासे झाले, किती वाजता, तोंडात जाताना कोणी पाहिले का, ठसका लागला होता का, आता मूल आवाज काढते का, लाळ गळते का, हे त्याच क्रमाने सांगावे. तशीच दुसरी वस्तू किंवा बॅटरीचे वेष्टन घरात असेल तर ते बरोबर न्यावे, आणि डॉक्टर सांगेपर्यंत मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये. बॅटरीच्या प्रसंगी वर सांगितलेला मध एवढाच काय तो अपवाद.