कवच तडकते अंड्याचे, दोष मक्याच्या गोणीत

आमचा धंदा कापडाचा. गाठीला पावसाळ्यात ओल लागली तर वरून कळत नाही, गाठ फोडल्यावर आत काळे ठिपके दिसतात. अंड्यांच्या धंद्यातही हेच दुखणे आहे, हे मेहुण्यांच्या पोल्ट्रीत हिस्सा घेतल्यावर आम्हाला समजले. आपले अनेक बंधू या व्यवसायात आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

दिवाळीनंतर ३० अंड्यांच्या ट्रेमध्ये चार-पाच अंडी तडकलेली निघू लागली. असला माल बेकरीवाला पडेल भावात नेतो. मेहुण्यांनी खाद्यात शिंपल्यांचा चुरा वाढवला, फरक शून्य. उन्हाने, कोंबडीच्या वयाने, रोगानेही कवच पातळ होते. पण डॉक्टरांनी मेलेली कोंबडी उघडली तर कलेजी सुजलेली आणि फिकट पिवळी. त्यांनी एवढेच विचारले, "मका कुठून घेतला?"

कवच म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते, ते बनायला सुमारे २० तास लागतात. हे कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते कामाचे होते आधी कलेजीत, नंतर मूत्रपिंडात. ओल्या मक्यावर आणि शेंगदाणा पेंडीवर ॲस्परजिलस बुरशी चढते. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष कलेजी बिघडवते. ऑक्राटॉक्सिन नावाचे दुसरे विष मूत्रपिंड बिघडवते. मग शिंपले कितीही घाला! अंडी कमी होतात, लहान होतात, बलकही फिका पडतो.

हे विष उघडकीस आले १९६० साली इंग्लंडमध्ये. ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन तेथे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले होते.

आपल्याकडे खरिपाचा मका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, नेमका परतीच्या पावसात. ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवला नाही तर गोणीत गरम होऊन बुरशी धरते. नंतर ऊन दिल्याने बुरशी थांबते, पण तयार झालेले विष जात नाही. म्हणून गोणीच्या तोंडाशी मूठ भरून पाहू नये, परखी मधोमध खुपसावी. रसूलुल्लाह (स.अ.स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना आतली ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. ही हदीस मदरशात लहानपणी ऐकली होती. अर्थ मक्याने शिकवला.

मका बदलला, डॉक्टरांच्या सल्ल्याने खाद्यात विष धरून ठेवणारी माती मिसळली. काही आठवड्यांनी तडकलेली अंडी ट्रेमागे एकावर आली, अलहम्दुलिल्लाह. उरलेल्या १४ गोण्या घ्यायला एक गिऱ्हाईक तयार होते, त्याला गायींना घालायच्या होत्या. पण हे विष दुधातही उतरते. आम्ही त्या खड्ड्यात पुरल्या. मेहुणे अजून त्यांचा हिशेब मागतात.